गुडघे धरणारं तेल

माझ्या दुकानातल्या तेलाने माणसांचे गुडघे धरतात, ही बातमी गावात सगळ्यांना कळून गेल्यावर सर्वांत शेवटी मला कळली. अशा बातम्यांचं असंच असतं. ज्याच्या पोटावर पाय येणार त्याच्या कानावर ती येते तेव्हा तिला शेंडाबुडखा उरलेला नसतो. कोणी पाहिलं, कोणाचा गुडघा, कधीपासून, काही विचारायची सोय नाही. "समदं गाव म्हनतंय," एवढंच उत्तर. समद्या गावाला जाब विचारता येत नाही म्हणून ती बातमी आणणाऱ्या गिऱ्हाइकालाच मी शिव्या घातल्या. ते बिचारं आपलं रिकामं भांडं उचलून चालतं झालं. त्या महिन्यात माझ्या रागाने घालवलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. पुढची कंपाउंडरने घालवली.

लढाई नुकतीच संपली होती. पारनेरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. गाव म्हणजे दोन आळ्या: वरली आणि खालली. मध्ये उभ्या, ओबडधोबड दगडी पायऱ्या. वरल्या आळीच्या टोकाला तेल्याचा घाणा, खालल्या आळीत मोटार थांबते तिथे माझं दुकान. ते दुकान मला कोणी वारशाने दिलेलं नव्हतं. नगरच्या बाजारात पाठीवर पोती वाहता वाहता मी मालाची दलाली शिकलो. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव ठरवायचा, चेहऱ्यावर मात्र काही दिसू द्यायचं नाही, ही विद्या मला तिथे मिळाली. पुढे मिरजगावकडच्या शेंगा गिरणीला मिळवून देऊ लागलो आणि मग त्याच गिरणीचं भुईमुगाचं तेल डब्यांनी आणून गावात विकायला बसलो. आमच्याकडे तोवर असं तयार तेल कोणी विकलेलं नव्हतं.

कारण आमच्याकडची रीत वेगळी होती. ज्याला रान आहे तो ज्वारीच्या कडेने करडईचे तास टाकतो. निघालेली करडई पोत्यात भरून खांद्यावर मारायची, पायऱ्या चढून घाण्यावर न्यायची, तेली बैल जुंपतो तोवर तिथेच बसायचं, आणि आपल्या डोळ्यांदेखत निघालेलं तेल आणि पेंड घेऊन परत उतरायचं. तेलावरची नजर हलवायची नाही, कारण तेली कितीही भला असला तरी तेली. या रीतीत वाईट काही नाही. ती नीट ध्यानात ठेवावी, एवढंच. कारण आमच्या कंपाउंडरने नेमकी तीच ध्यानात घेतली नाही.

कंपाउंडर म्हणजे लष्कराच्या इस्पितळातून पेन्शन घेऊन आलेला आमच्याच गावचा माणूस. तिथे तो बाटलीतलं लाल औषध हलवून द्यायचा. गावात आल्यावर लोक त्याला कंपाउंडरसाहेब म्हणू लागले आणि तो खाकी विजार घालून पारावर बसू लागला. त्याचे स्वतःचे गुडघे दुखत. दुखणाऱ्या माणसाला कारण हवं असतं आणि वयाचं कारण कोणालाच आवडत नाही. तेव्हा त्याने गावातले गुडघे तपासायला सुरुवात केली. घरोघर जायचा. शेक घेत बसलेली म्हातारी, भिंतीला धरून उठणारा म्हातारा, कोणी दिसलं की विचारायचा, "तेल कोणतं खाता?" बहुतेक जण सांगत, "खालच्या दुकानातलं." झालं. निदान पक्कं. यंत्रावर काढलेल्या तेलात यंत्राची गरमी उतरते, ती रक्तातून सांध्यात जाऊन बसते आणि माणूस लंगडा होतो. करडईत ही गरमी नाही, कारण बैल थंड असतो.

बायको म्हणायची, "त्यो तुमच्याव डूख धरून हाय. उधार मागितलं तवा तुमी दिलं न्हाई."

मला तसं वाटलं नाही. डूख असता तर बरं झालं असतं. डूख धरणाऱ्या माणसाशी भाव करता येतो, त्याला काय हवंय ते विचारता येतं. हा माणूस मनापासून बोलत होता. त्याच्याशी करायला सौदाच नव्हता.

आणि नेमकी जत्रा तोंडावर आलेली. लढाईच्या सालांत धान्यावर नियंत्रण, म्हणून भंडारा झालाच नव्हता. त्या वर्षी पाटलांनी ठरवलं की मोठा भंडारा घालायचा: लापशी, आमटी आणि भजी. आसपासची गावं जेवायला येणार. भंडाऱ्याच्या कढईत ज्याचं तेल जातं त्याचं तेल मग ती सगळी गावं वर्षभर नेतात. तेल देवाच्या नावाने खाल्लं गेलं की त्याला पुन्हा कोणी नाक मुरडत नाही. हे मला कळत होतं म्हणून मी भाव उतरवून पाटलांशी सौदा केला होता. रुमाल टाकून, बोटं दाबून, रीतसर. आणि आता पाटील निरोप पाठवतात: "जरा दम धर. कंपाउंडरसाहेबाचं काय म्हणणं हाय ते ऐकू, मग बघू."

माझं दुकान त्या कढईवर टांगलेलं होतं. कढईत तेल गेलं तर दुकान, नाहीतर पुन्हा पाठीवर पोतं.

पहिल्यांदा मी जे केलं ते मूर्खपणाचं होतं. मी पारावर गेलो आणि सगळ्यांसमोर कंपाउंडरला ओरडून विचारलं, "माझ्या तेलात गरमी आहे, हे तुला कोणी सांगितलं? तेलाने येऊन सांगितलं?"

तो शांतपणे म्हणाला, "बघा, किती तापलाय. रोज हेच तेल खातो."

अख्खा पार हसला. मीही दुसऱ्याच्या बाबतीत असतो तर हसलो असतो. त्या संध्याकाळी दुकानावर कुत्रं फिरकलं नाही.

मिरजगावचा माझा एक जोडीदार दलाल त्या आठवड्यात माल घेऊन आला होता. त्याने सल्ला दिला, "तू उलटं बोल. तालमीतल्या एखाद्या पैलवानाला धर. त्याला म्हनावं, सांग, मी भुईमुगाचं तेल खातो म्हनून माझ्या मांड्या अशा झाल्या. त्याला दुकानाम्होरं उभाच कर."

खोटं बोलायला मला लाज वाटते असं नाही. भाव करताना मी घरात आजारी माणसं निर्माण केली आहेत, मेलेली मावशी पुन्हा मारली आहे. पण हा सल्ला मला पटला नाही, कारण तो माल कच्चा होता. पैलवानाच्या मांड्या जोर काढून होतात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय कंपाउंडर लंगड्या म्हाताऱ्या दाखवणार, मी पैलवान दाखवणार, आणि गाव तमाशा पाहणार. यात तेलाचा प्रश्न कुठे सुटला? मी पोत्याच्या तोंडची मूठ पाहून कधी माल घेतला नाही. तोंडाला टपोरे दाणे पसरून तळाशी खडे भरणारे मी पुष्कळ पाहिलेत. पोकळ सळई पोत्यात तळापर्यंत खुपसायची आणि आतला माल बाहेर काढून बघायचा, ही माझी सवय. कंपाउंडरचं पोतं मी अजून तसं तपासलेलं नव्हतं. फक्त त्याच्यावर ओरडलो होतो.

ते तपासायला सुरुवात झाली आत्यामुळे. आत्या म्हणजे खालल्या आळीतली एकटी राहणारी म्हातारी, सगळ्या गावाची आत्या. रान नाही, मूल नाही. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत आली. सगळं गाव तुटलं तरी ती माझ्या दुकानी येत होती. एक दिवस ती पायरीवर बसून गुडघे चोळत होती. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हणालो, "काय गं आत्या, चोळून दाखवतेस होय मला? घाल आळ माझ्या तेलावर!"

"तुज्या तेलावर कशाला? येडा का खुळा तू?" आत्या म्हणाली. "गुडघं धरलं म्हनून तर तुज्या दारात यायला लागले. आदी वर घाण्यावच जात हुते की. कुनाच्या रानातली करडई मिळायची मजुरीत, ती न्यायची. आता त्या पायऱ्या कोन चढतंय? तुजा बाप?"

मी तिचं भांडं भरायला घेतलं. माझ्या हयातीत कोणी बापावरून बोललं आणि मी उलट शिवी दिली नाही, असा तो एकच प्रसंग.

दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर सोडून मी घाण्यावर जाऊन बसलो. तेली बघत राहिला. माझं तिथे काय काम, हे त्याला कळेना. "तेल काडायचं का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "न्हाई, माणसं बघायचीत." त्याला वाटलं असेल, मला ऊन लागलं.

आणि मी बघत बसलो. कोण येतं पायऱ्या चढून? खांद्यावर पोतं टाकलेले तरणे गडी. डोक्यावर पाटी घेतलेल्या सुना. दम न खाता चढतात, वर आल्यावर हसतात, एकमेकींना टोमणे मारतात. दुपारपर्यंत एक लंगडं माणूस त्या पायऱ्या चढून आलं नाही. कसं येणार? ज्याचे गुडघे धरले तो चढूच शकत नाही; त्याच्या घरी तरणा गडी नसेल तर तो खाली, सपाटीला, माझ्या दुकानात येतो. आणि ज्याला रानच नाही, त्याच्याकडे करडई नाही; तोही माझ्याकडेच येतो. तो जन्मभर दुसऱ्याच्या रानात उकिडवा बसून खुरपतो. त्याचे गुडघे झिजायला तेल लागत नाही.

चाळणीचंच उदाहरण घ्या. चाळण हलवली, दाणे वर राहिले, माती-खडे खालच्या परातीत पडले. आता कोणी जर म्हणालं, ही परात फार वाईट, हिच्यात पडून दाण्यांचे खडे झाले, तर त्याला काय म्हणाल? आमच्या गावात त्याला कंपाउंडरसाहेब म्हणत होते.

आणखी एक गोष्ट तिथे बसल्या बसल्या सुचली. माझ्याकडचं तेल सर्वांत जास्त कोण नेतं? धनगर. त्यांची मेंढरं डोंगरभर, त्यांना कुठली करडई आणि कुठला घाणा? मोटार थांबते तिथून तेल घेतात आणि जातात. दिवसभर चालतात. त्यांचा एकही गुडघा कंपाउंडरने तपासला नव्हता, कारण तो जातो तेव्हा ते घरी सापडत नाहीत. गुडघे चांगले असलेला माणूस घरी सापडतोच कशाला? कंपाउंडर घरोघर फिरून घरी बसलेल्यांना मोजत होता.

मी इतका खूश झालो की उतरताना पायऱ्यांवर घसरलो आणि माझाच गुडघा फुटला. घरी बायको हळद लावता लावता म्हणाली, "आता कंपाउंडर म्हनंल, बगा, मालकाचा बी धरला."

पाटलांनी देवळाच्या ओसरीवर बैठक बोलावली. तोवर माझा राग गेला नव्हता, पण तो कुठे वळवायचा हे मला कळलं होतं. कंपाउंडरने सुरुवात केली. लंगड्यांची नावं, ते कोणतं तेल खातात, सगळं तोंडपाठ. मग म्हणाला, "आणि पाटलांच्या मातोश्रींचंच बघा. माझ्या सांगण्यावरून त्यांनी खालचं तेल सोडलं. आज त्यांचे गुडघे चालतात."

मी विचारलं, "कधी सोडलं?"

"थंडी सरता सरता."

"पाटील, आईचे गुडघे दरसाल केव्हा दुखतात?"

पाटील खाली बघून म्हणाले, "थंडीत."

"आणि दरसाल केव्हा राहतात?"

"उन्हाळा लागला की."

"मग औंदा उन्हाळा लागला नसता तर मी मानलं असतं."

लोक हसले. कंपाउंडर हलला नाही. म्हणाला, "आपले आजे-पणजे करडईच्या तेलावर शंभरी गाठायचे."

"जे गाठायचे ते कट्ट्यावर बसून सांगायचे. जे चाळिशीत गेले ते कुठून येऊन सांगणार? माझा बाप करडईवरच होता. मी मिसरूड फुटायच्या आत पोतं उचललं ते का?"

मग मी आत्याची गोष्ट काढली, पायऱ्यांची काढली, धनगरांची काढली. आत्या खांबाला टेकून बसली होती. पाटलांनी विचारलं, "आत्या, गुडघं आदी का तेल आदी?"

"गुडघं," आत्या म्हणाली. "आनि गुडघ्याच्या आदी तुज्या बापाच्या रानातलं खुरपान."

ओसरी हसून लोटपोट झाली. पाटीलही हसले. मला वाटलं, जिंकलो. कंपाउंडरने मला उलट प्रश्न टाकला, आणि तो त्याचा एकमेव बरा प्रश्न होता: "मग तुझं तेल गुडघ्याला चांगलं आहे, असं म्हणायचंय तुला?"

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही. चांगलं आहे की वाईट, ते तुलाही माहीत नाही. फरक इतकाच की मला माहीत नाही हे मी सांगतो."

इथे माझं चुकलं म्हणतात. माझा जोडीदार दलाल नंतर म्हणाला, मालाबद्दल माहीत नाही असं म्हणणारा दुकानदार त्याने जन्मात पाहिला नव्हता. कंपाउंडर लगेच पाटलांकडे वळला. "ऐकलंत? त्याला स्वतःला खात्री नाही."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बघ," ते मला म्हणाले, "तुजं बोलनं मला पटलं. समद्यांना पटलं. पन भंडाऱ्याला परगावची मान्सं येनार. एखाद्याचा गुडघा धरला तर नाव माझं जाईल. करडईचं काय, कुनी काय बोलत न्हाई. तवा कढईला करडई. तुजं तेल आपण दिव्याला घेऊ. देवापुढं जळंल, ते बी पुन्यच हाय."

"दिव्याला गुडघे नसतात म्हणून का?" मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. निर्णय झाला की लोक हसायचं थांबतात. मी दिव्यालाही तेल देणार नाही असं सांगून उठलो. पटलं आणि तरीही नको, याच्याएवढा अपमान मी नगरच्या बाजारातही सोसलेला नाही. तिथे माल खोटा म्हणून परत करतात. इथे माल खरा आहे म्हणून मान हलवली आणि परत केला.

मग मात्र जे झालं ते कोणी रचून सांगितलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. गावाने घरोघरची करडई गोळा करून घाण्यावर टाकली. भंडारा दोन-चार दिवसांवर आला, आणि तेल्याचा बैल लंगडायला लागला. पुढच्या पायाचा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. जन्मभर करडईची पेंड खाऊन वाढलेला बैल तो. मी कंपाउंडर असतो तर त्या एका बैलावरून सगळ्या तालुक्याची करडई बंद करायला लावली असती. पण तो बैल म्हातारा होता आणि गोल गोल फिरून त्याचा गुडघा गेला होता. बैलालाही मी खोटा आळ लावणार नाही.

भर दुपारी, गाव जेवून कलंडलेलं असताना, तेली डबे घेऊन माझ्या मागच्या दाराशी आला.

"शेट, तेल दे," तो म्हणाला.

"कशाला? तुझ्या घरी कुणाला लंगडं व्हायचंय?"

"थट्टा नगं करू. बैल बसला. दुसरा बैल कोन देत न्हाई, समद्यांची नांगरट चाललीय. कढईत घालायला तेल न्हाई."

"पाटलांना सांग. ते मला बोलावतील, मी तेल देईन. उजेडात देईन, पुढच्या दाराने."

तेली खाली बसला. "सांगितलं तर काय हुईल ते तुला म्हाईत न्हाई का? भजी नगं म्हनतील, आमटीला फोडनी नगं म्हनतील. कोरडं खातील, पन तुजं न्हाई घेनार. आनि मी येवढ्या लोकांत हा म्हनून बसलोय. तुजं दुकान त्यांनी बसवलंच. आता माझा घाना बी बसवायचा का?"

तो बरोबर बोलत होता, हे मला फार लागलं. मी भाव कमी केला नाही; त्यानेही मागितला नाही. मी एकच अट घातली. भंडारा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्याने माझ्याबरोबर पाटलांकडे यायचं आणि कढईत कोणाचं तेल होतं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. त्याने विचार केला आणि हात पुढे केला. रुमाल टाकायची गरज नव्हती. बायको मागे उभी होती, ती म्हणाली, "सांगून बी काय हुनार हाय?" मी तिच्यावर खेकसलो.

भंडारा झाला. मी न जायचं ठरवलं होतं, पण आपल्या तेलात काय तळलं जातंय हे पाहायचा मोह आवरला नाही. गेलो, आणि वाढप्यांना माणूस कमी होता म्हणून पाटलांनी माझ्या हातात भज्यांची पाटी दिली. "राग सोड, वाढायला लाग," म्हणाले. मी वाढायला लागलो. परगावची माणसं भज्यांवर तुटून पडत होती. कंपाउंडर पंगतीच्या टोकाला बसला होता. एक भजं मोडलं, चावलं, डोळे मिटले.

"याला म्हणतात तेल," तो मला म्हणाला. "घशाला लागत नाही. वाढ अजून. मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या भल्याचंच सांगतो: करडई ठेव दुकानात."

मी त्याच्या पानात भजी वाढली. त्याने आणखी मागितली, मी आणखी वाढली. मला पाटी घेऊन पुढे सरकवेना. शेजारच्याला वाटलं पाटी जड आहे, म्हणून त्याने आधार दिला.

दुसऱ्या दिवशी तेली शब्दाला जागला. आम्ही दोघे पाटलांच्या ओट्यावर गेलो. त्याने हात जोडून, एकही गोष्ट न लपवता सगळं सांगितलं: बैल, मागचं दार, डबे. पाटील ऐकत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता उठतील, गावकामगाराला हाक मारतील, दवंडी पिटतील. निदान मला म्हणतील, तुझं खरं होतं.

पाटील आधी हसले. पोट धरून हसले. मग त्यांनी डोळे पुसले आणि आवाज खाली आणला.

"गप बसा दोघं बी," ते म्हणाले. "लोकांनी पोटभर खाल्लं, देवाचं म्हनून गोड मानलं. आता त्यांना सांगायचं का, की तुमी ते खाल्लं? निम्म्या गावाचं गुडघं आजच्या आज धरतील. खरं न्हाई धरनार, म्हाईत हाय मला. पन धरल्यावानी करतील, आनि ते माझ्याच दारात येऊन बसतील."

"मग माझं दुकान?"

"चालंल की हळूहळू. लोक इसरतात."

मी काही बोलणार तेवढ्यात ओट्याच्या पायऱ्या चढून कंपाउंडर वर आला. नेहमीची काठी न घेता आला होता आणि ते आम्हाला दिसावं म्हणून शेवटची पायरी जरा झोकात चढला. "बघितलंत पाटील? काल करडईचं खाल्लं आणि आज कसं मोकळं वाटतंय. एका जेवणात. एका जेवणात!"

तेल्याने खाकरून दुसरीकडे बघितलं. पाटलांनी आत आवाज देऊन चहा मागवला. मला त्या क्षणी ओरडून सांगता आलं असतं, आणि कितीतरी वर्षं मी विचार करत आलो की का सांगितलं नाही. तेल्याचा घाणा, हे एक कारण. दुसरं कारण असं की सांगूनही ते खरं झालं नसतं. एका जेवणाने त्याचा गुडघा धरला नाही, एवढ्यावरून माझं तेल चांगलं ठरत नाही. ते सिद्ध करणं म्हणजे त्याच्याच तराजूत माझा माल टाकणं. मी एवढंच म्हणालो, "कंपाउंडर, एका जेवणाने गुडघा धरतही नाही आणि सुटतही नाही."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने.

"तुला तेलातलं काय कळतं, लेका?" तो म्हणाला.

चहा आला. पाटलांनी पहिली बशी माझ्याकडे सरकवली आणि डोळ्यांनी सांगितलं, घे आणि गप बस. मी ती बशी तशीच त्यांच्यापुढे ढकलली आणि ओट्यावरून उतरलो. जत्रा होऊन महिना व्हायच्या आत मी दुकानाची फळी लावली आणि बिऱ्हाड नगरला हलवलं. आत्याला तेल कोण आणून देणार, हे त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी एकानेही मला विचारलं नाही.